वळवाचे ढग आणि पहारेकऱ्याचे कर्तव्य

वैशाखातील दुपार कलू लागली, की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील माणसांची नजर आपोआप आभाळाकडे वळते. सकाळी निरभ्र दिसणाऱ्या तोरण्याच्या माथ्यामागे दोन-तीनच्या सुमारास पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग उभे राहतात. तासाभरात त्यांची बुडे काळवंडतात, वारा पडतो, उकाडा असह्य होतो आणि मग एकाएकी धूळ उडवीत थंड वाऱ्याचा झोत येतो. त्यामागोमाग विजा, गडगडाट, टपोरे थेंब, क्वचित गारा. अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते आणि भिजलेल्या मातीचा वास दरवळतो. ‘वळीव चांगला झाला’, असे म्हणून शेतकरी नांगर-कुळवाच्या तयारीला लागतो. परंतु एखाद्या सायंकाळी एखाद्या वस्तीवर गुरे तेवढी परत येतात. गुराखी येत नाही.

या दिवसांत भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या आठवड्याच्या अंदाजात एक वाक्य वारंवार दिसते : पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट आणि सोसाट्याचा वारा. आपण ते वाचतो आणि पान उलटतो. शहरातील वाचकाला त्यातून फार तर छत्री आठवते. मात्र तेच वाक्य सड्यावर शेळ्या राखणाऱ्या धनगर मुलापर्यंत पोहोचले नाही, तर ते कोणासाठी लिहिले गेले, असा प्रश्न विचारावासा वाटतो. भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके पुणे धर्मप्रांताच्या सीमेत येतात. तेथे ख्रिस्ती घरे विरळ असली, तरी तेथील धरणांचे पाणी आपण रोज पितो आणि तेथील गडांवर आपली तरुण मंडळी सुट्टी घालवतात. म्हणून तेथील आभाळाची चिंता आपल्याला परकी असू नये.

डोंगर, समुद्र आणि तापलेली जमीन

सह्याद्रीचा कणा वेल्हे आणि भोरच्या पश्चिम सीमेवरून जातो. मढे घाट, वरंध घाट यांच्या पलीकडे कोकण आहे आणि त्यापुढे अरबी समुद्र. एप्रिल-मे महिन्यांत पठारावरील जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. दुपारनंतर समुद्रावरून येणारे दमट वारे घाट चढून वर येतात आणि पूर्वेकडील कोरड्या, उष्ण हवेला भिडतात. ही दमट हवा डोंगराच्या उतारावरून वेगाने वर ढकलली गेली, की काही मिनिटांत उंच ढग तयार होतो. त्याचा माथा बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकतो. इतक्या उंचीवर पाण्याचे थेंब गोठतात; बर्फाचे हलके कण आणि जड गोळ्या एकमेकांवर आदळतात आणि त्यातून विद्युतभार वेगळे होतात. तो साठा असह्य झाला, की वीज चमकते. तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ही हवा स्फोटासारखी फाकते, त्याचाच आवाज म्हणजे गडगडाट.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आषाढ-श्रावणातील मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो आणि दिवसेंदिवस कोसळतो. त्याचे धोके म्हणजे पूर आणि दरडी. भोरच्या पश्चिमेला वरंध घाटाखाली महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी कोसळलेली दरड आपण विसरलेलो नाही. तो स्वतंत्र विषय आहे. वळवाचा स्वभाव निराळा असतो. तो कधी पूर्वेकडून येतो, कधी घाटमाथ्यावरच जन्म घेतो. एका खोऱ्यात झोडपतो आणि शेजारच्या खोऱ्यात थेंबही टाकत नाही. गुंजवणीकाठी गारा पडत असताना नीरेकाठी ऊन असू शकते. ही लहर मोसमी पाऊस स्थिरावल्यावर ओसरते आणि परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरात, पुन्हा डोके वर काढते.

आठवड्याचा अंदाज कसा वाचावा

या लहरीपणामुळेच पुष्कळ लोक म्हणतात, ‘हवामान खात्याचे कधी खरे होते का?’ हा शेरा अन्यायाचा आहे. एका गडगडाटी ढगाचे आयुष्य साधारण तासाभराचे आणि विस्तार जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा. असा ढग येत्या गुरुवारी पासली गावावर उभा राहील की नसरापुरावर, हे रविवारी कोणीही सांगू शकत नाही. मात्र येत्या आठवड्यात हवेत ओलावा किती असेल, वरच्या थरांत हवा किती अस्थिर असेल, ढग उभे राहण्यास परिस्थिती अनुकूल आहे की नाही, एवढे सांगता येते. म्हणून अंदाज तीन टप्प्यांत वाचावा.

पहिला टप्पा आठवड्याचा. सात दिवसांच्या चित्रात गडगडाटी पावसाचे दिवस कोणते, एवढेच पाहावे आणि त्यानुसार कामे आखावीत. दुसरा टप्पा दिवसाचा. सकाळी जिल्ह्याचा रंग पाहावा. हिरवा म्हणजे विशेष काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तातडीने कृती करा. पुणे जिल्ह्याचा घाट विभाग अंदाजात वेगळा दाखवला जातो; वेल्हे आणि पश्चिम भोरच्या लोकांनी तो पाहावा. तिसरा टप्पा तासांचा. पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तातडीचा इशारा आणि पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन, हे दोन्ही या टप्प्यावर उपयोगी पडतात. देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावरून विजा कोठे पडत आहेत हे ‘दामिनी’ दाखवते आणि आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या परिघात धोका असल्यास सावध करते.

अंदाजातील शब्दांचे अर्थही ठरलेले आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर चतुर्थांश ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यापर्यंत. ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशांपर्यंत. त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. येथेच आपली मोठी गफलत होते. ‘तुरळक’ हा शब्द आपण ‘किरकोळ’ या अर्थाने वाचतो. वास्तविक तो शब्द वादळ किती ठिकाणी होईल हे सांगतो. ते किती जोराचे असेल हे सांगत नाही. जेथे ते होईल, तेथे त्याचा तडाखा पुरेपूर असतो.

मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी अंदाजपद्धती सुरू केली. तीही पुण्याच्याच संस्थेत विकसित झाली. ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत अंदाज पोहोचवणे हा तिचा एक हेतू आहे. म्हणजे शास्त्रज्ञांचे काम पुढे सरकत आहे. प्रश्न त्यानंतरच्या टप्प्याचा आहे.

आकड्यांमागील माणसे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत झालेल्या मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेमुळे झाले. तरीही या मृत्यूंची फारशी चर्चा होत नाही, कारण ते एकेकटे येतात. पुरात गाव बुडाले तर छायाचित्रे येतात, मंत्री येतात. वीज मात्र एका बांधावर एका माणसाला गाठते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी, तिसऱ्या दिवशी तेही नाही. मरणाऱ्यांमध्ये बहुसंख्य ग्रामीण भागातील, उघड्यावर कष्ट करणारी माणसे असतात : शेतकरी, मजूर, गुराखी, रानमेवा गोळा करणाऱ्या स्त्रिया. वळवाची वेळ दुपारी तीन ते सायंकाळी सात-आठ. नेमकी तीच वेळ गुरे परत आणण्याची, वैरण झाकण्याची, भाताच्या राबाची उरलीसुरली कामे उरकण्याची. ढग दिसताच शहरातला माणूस घरात येतो आणि शेतकरी बाहेर धावतो. गरिबाला आपली गंजी वाचवायची असते.

धोका केवळ विजेचा नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे वादळी पावसापासून आडोसा म्हणून जाहिरात फलकाखाली थांबलेल्या माणसांवर तो लोखंडी सांगाडा कोसळला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे असाच एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी निमित्त झाले ते पूर्वमोसमी वादळी वाऱ्याचे. पुणे-सातारा महामार्गाने खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ करीत भोरला जाणाऱ्यांनी रस्त्यालगतचे फलक पाहिले आहेत. त्यांच्याखाली दुचाकी लावून पाऊस टाळणारेही पाहिले आहेत. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात भाविक जमले असता वादळाने मोठे कडुनिंबाचे झाड पत्र्याच्या मांडवावर पडले आणि सात भाविक गेले. ते प्रार्थनेसाठी आले होते. आपल्या चर्चच्या सणांना घातलेला पत्र्याचा मांडव त्या मांडवाहून निराळा नसतो.

परतीच्या पावसातील गडगडाटी ढग काय करू शकतो, ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुणे जिल्ह्याने पाहिले. शहरात आंबिल ओढ्याने वस्त्या धुऊन नेल्या. भोरच्या वेशीवर, खेड-शिवापूर येथे दर्ग्यात झोपलेली माणसे पाण्याच्या लोंढ्याने वाहून गेली. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या रात्री कोणतेही चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले नव्हते. काही तासांचा मेघगर्जनेसह पाऊस, एवढेच त्याचे वर्णन होते.

दैव, पाप आणि पायाळू माणूस

अशा मृत्यूनंतर गावोगावी काही वाक्ये ऐकू येतात. ‘त्याची वेळ भरली होती.’ ‘पायाळू होता, म्हणून वीज पडली.’ क्वचित दबक्या आवाजात, ‘काहीतरी पाप असणार.’ ख्रिस्ती घरांतही या समजुती नाहीत असे कोणी म्हणू नये. जन्मताना पाय आधी आले म्हणून वीज त्या माणसाला शोधत येत नाही. वीज उंच, टोकदार आणि एकाकी वस्तूकडे ओढ घेते. मोकळ्या माळावर उभा असलेला माणूस तशी वस्तू असतो. पायाळू मुलाला आयुष्यभर भीतीत ठेवणे आणि बाकीच्यांनी निर्धास्त झाडाखाली उभे राहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

पापाच्या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने स्वतः दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न लोकांच्या मनात होता. संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू त्याला स्पष्ट नकार देतात आणि ऐकणाऱ्यांना मृतांचा न्याय करण्याऐवजी स्वतःकडे वळून पाहायला सांगतात. त्याआधीच्याच अध्यायात, पश्चिमेला ढग दिसताच पाऊस येईल हे तुम्ही ओळखता, मग या काळाची लक्षणे का ओळखत नाही, असा त्यांचा सवाल आहे. आभाळ वाचण्याची कला प्रभूने कमी लेखली नाही. ती येत असूनही योग्य वेळी पाऊल न उचलणाऱ्यांना त्यांनी दोष दिला.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा इतिहासही प्रांजळपणे सांगितला पाहिजे. मध्ययुगीन युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. आशीर्वादित घंटेच्या नादाने विजा पांगतात अशी श्रद्धा होती. काही घंटांवर तशी अक्षरेही कोरलेली असत. पण उंच मनोरा हीच विजेची आवडती जागा. भिजलेला दोर हाती धरून उभे राहिलेले कितीतरी घंटावादक त्यात मरण पावले. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांचे विजेविषयीचे प्रयोग गाजू लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७५४ मध्ये, मोरावियातील प्रोकोप दिविश या कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या गावी जमिनीशी जोडलेला लोखंडी दांडा उभारला. पुढे अवर्षण पडले तेव्हा गावकऱ्यांनी त्या दांड्यालाच दोष देऊन तो मोडून टाकला. आज जगभर चर्चच्या मनोऱ्यांवर वीजरोधक दांडा असतो आणि त्याला कोणी अश्रद्धा म्हणत नाही. वीज-वादळापासून रक्षणाची विनवणी आपल्या जुन्या लितानीत होती, आणि दांडाही हवा. प्रार्थना आणि सावधगिरी यांत विरोध नाही. परमेश्वराने दिलेली बुद्धी वापरणे हीदेखील त्याची स्तुतीच आहे.

इशारा आणि शेवटचे अंतर

पानशेत हे गाव वेल्हे तालुक्यातील. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी तेथील धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून भिंत वाचवण्याचा जिवापाड प्रयत्न केला होता. भिंतीला धोका आहे हे जाणणारी माणसे होती. फुटलेले पाणी पुण्यात शिरेपर्यंत काही तास हाती होते. तरीही हजारो पुणेकरांना पाणी दाराशी दिसले तेव्हाच कळले. ती खंत पुण्यातील जुन्या पिढीने आयुष्यभर बाळगली. त्या दिवशी माहितीचा अभाव नव्हता. माहिती एका ठिकाणी होती आणि माणसे दुसऱ्या ठिकाणी.

वळवाच्या ढगाबाबत आजही तेच घडते. पुण्यातील शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’मध्ये इशारा तयार होतो, तो क्षणात मोबाइलवर येतो. पण वेल्ह्याच्या पश्चिमेकडील दऱ्यांत कित्येक वाड्यांवर फोनची रेघ उमटत नाही. उमटली तरी फोन घरातील तरुणाबरोबर पुण्याला कामावर गेलेला असतो. मागे राहतात ती म्हातारी माणसे, स्त्रिया आणि गुरे. कातकरी वस्तीवर किंवा धनगरवाड्यावर रंगीत नकाशा पोहोचत नाही. हवामान खात्यापासून गावापर्यंतचे शंभर किलोमीटर विज्ञानाने पार केले. गावापासून सड्यापर्यंतचे दोन किलोमीटर अजून माणसालाच चालायचे आहेत.

पूर्वी गावात दवंडी पिटत. कोतवाल हलगी वाजवीत गल्लीगल्लीतून फिरे आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही वार्ता कळे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, तेहेतिसाव्या अध्यायात, परमेश्वर पहारेकऱ्याचे कर्तव्य सांगतो. पहारेकऱ्याने संकट येताना पाहून शिंग फुंकले आणि ऐकणाऱ्याने दुर्लक्ष केले, तर दोष ऐकणाऱ्याचा. परंतु पहारेकऱ्याने संकट पाहिले आणि शिंग फुंकले नाही, तर त्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल. हे वचन आपण आजवर उपदेशकांना लावीत आलो. हातात इशारा देणारा फोन असलेल्या प्रत्येकाला ते लागू पडते, असे मला नम्रपणे वाटते. ज्याला इशारा दिसला, तो त्या क्षणापुरता पहारेकरी झाला.

धर्मग्रामांनी काय करावे?

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मे महिन्याची रोझरी मारियामातेच्या गुंफेसमोर उघड्यावर चालू होती. साठ-सत्तर माणसे, त्यांत निम्मी लहान मुले. गडगडाट सुरू झाला तेव्हा दोन दशके उरली होती. एका आजीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी नजर टाळली आणि ‘मातेवर विश्वास ठेवा’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून रोझरी पुढे चालू ठेवली. शेवटच्या दशकात रस्त्यापलीकडच्या माडावर वीज पडली. कोणालाही इजा झाली नाही. पुष्कळांनी त्याला मातेची कृपा म्हटले आणि मी ते नाकारीत नाही. पण त्या आजीबाई नंतर मला एवढेच म्हणाल्या, ‘फादर, आईला लेकरे आत आणलेली आवडली असती.’ तो विश्वास नव्हता, माझा हट्ट होता. माझ्या हट्टाची किंमत दुसऱ्यांच्या मुलांनी मोजली असती.

म्हणून काही साध्या सूचना. मे महिन्यातील रोझरी, धर्मशिक्षणाची शिबिरे, मुलांचे खेळ शक्यतो सकाळी ठेवावेत. सायंकाळी असल्यास पहिल्या गडगडाटाबरोबर सर्वांना चर्चमध्ये न्यावे. गडगडाट ऐकू येतो याचा अर्थच वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजावे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस मोजण्याआधी आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. सुरक्षित जागा म्हणजे पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार. झाडाचा आडोसा, उघडा मांडव, कुंपणाची तार, तळ्याचा काठ आणि गडाचा बुरूज या जागा टाळाव्यात. घरात असताना नळ आणि तारेची उपकरणे यांपासून दूर राहावे. मोबाइल वीज ओढून घेतो, ही समजूत खरी नाही. मोबाइल चालू ठेवल्यानेच इशारा कळतो.

राजगड-तोरण्याला जाणाऱ्या युवक मंडळांनी विशेष काळजी घ्यावी. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे आणि दुपारचा ढग त्याच्याच माथ्यावर जमतो. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर येथील टेहळणी बुरुजावर छायाचित्रे काढत असलेल्या पर्यटकांवर वीज पडून अकरा जण दगावले. गड पहाटे चढावा आणि दुपारी बाराच्या आत उतरावा. उघड्यावर सापडल्यास माथा, कडा व झाड सोडून सखल जागी यावे आणि एकमेकांत अंतर ठेवावे. वीज जमिनीतूनही पसरते आणि दोन पायांतील अंतरामुळे शरीरातून वाहते. म्हणून पाय जवळ घ्यावेत. चार पायांची गुरे याच कारणाने अधिक मरतात.

कोणावर वीज पडलीच, तर त्याला स्पर्श करण्यास भिऊ नये. त्या शरीरात विद्युतभार साठून राहत नाही. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तत्काळ मदत मिळाल्याने पुष्कळ जण वाचतात. ‘गेला’ असे ठरवून भोवती उभे राहिल्याने मात्र वाचू शकणारेही जातात. आपल्या शाळांतील वरच्या वर्गांना आणि महिला मंडळांना हे शिकवणे अवघड नाही. आपत्तीची खबर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ क्रमांकावर देता येते. वीज पडून मृत्यू आल्यास महाराष्ट्र शासन वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य देते. त्यासाठी तलाठ्याला म्हणजेच ग्राम महसूल अधिकाऱ्याला तातडीने कळवणे, पंचनामा आणि शवविच्छेदन आवश्यक असते. दुःखाच्या भरात अंत्यविधी उरकला जातो आणि गरीब कुटुंब या हक्काला मुकते. अशा वेळी शेजारी उभा राहून कागदपत्रे पाहणारा माणूस हाही सांत्वन करणाराच असतो.

शेवटी, निरोप पोहोचवण्याचे काम. भोर-वेल्ह्यात ज्यांचे नातेवाईक, विद्यार्थी, दूधवाले, घरकाम करणाऱ्या भगिनी वा त्यांची कुटुंबे आहेत, अशा प्रत्येकाने नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी सकाळी एक फोन करावा : ‘आज दुपारनंतर गुरे लांब नेऊ नका.’ गावातील देवळाचा भोंगा, मशिदीचा ध्वनिक्षेपक, शाळेची आणि चर्चची घंटा ही सारी शिंगेच आहेत. गावकऱ्यांशी बोलून एक खूण ठरवावी. जी घंटा वाजवून वीज मोडेल असे आपले पूर्वज समजत, ती वीज मोडू शकत नाही. पण ढग दूर असतानाच वाजली, तर ती माणसांना घरात आणू शकते.

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर २४ मे २०१५ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी सही केली. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, आपल्या वळवाच्याच दिवसांत, त्या परिपत्रकाचा सप्ताह पाळला जातो. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा, हे त्यातील आवाहन. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. अधिक बाष्प म्हणजे वादळाला अधिक बळ. त्या तापण्याला शहरांनी अधिक हातभार लावला आणि उघड्यावर सापडतो तो सड्यावरचा गुराखी. हे ओझे आपण एका आठवड्यात उतरवू शकत नाही. एक फोन मात्र आजच करू शकतो.

एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर परमेश्वर सोसाट्याच्या वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. त्यानंतर आलेल्या मंद, सौम्य वाणीत भेटला. येत्या आठवड्यात तोरण्यावर ढग जमतील, कडाडतील आणि ओसरतील. त्याआधी कोणीतरी कोणाला तरी हळूच सांगितलेले ‘आज लवकर घरी या’ हे शब्द त्या सौम्य वाणीचाच प्रतिध्वनी असतील. परमेश्वर डोंगरातील आपल्या बंधु-भगिनींचे रक्षण करो आणि त्या रक्षणात आपल्याला जागता पहारेकरी करो.